नाव आणि नाते

आपल्या गुणपत्रिकेवर ज्यांचे नाव छापलेले असते, त्या स्वामी रामानंद तीर्थांविषयी आपल्याला नेमके किती ठाऊक आहे, हा प्रश्न मला पडला तो एका निवडणुकीमुळे. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी या भागांतील विद्यार्थ्यांच्या कागदोपत्री ते नाव आले. रोज दिसणारे नाव हळूहळू दिसेनासे होते. माझेही तसेच झाले होते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माझा एक मित्र उभा राहू पाहत होता. त्याच्या पक्षाने इच्छुकांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रत्येकाकडून लिहून घेतले, की उमेदवारी कोणालाही मिळो, मी त्याचेच काम करीन. मित्राने सही केली. पुढे एबी फॉर्म गेला तो आठ दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या गृहस्थाकडे. मित्राने अपक्ष अर्ज भरायचे ठरवले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा मतदार आणावे लागतात. त्या दहांत मी एक होतो. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात अनामत रकमेचे दहा हजार मोजता मोजता त्याने मला विचारले, की मी शब्द मोडला असे तुला वाटते काय? मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी स्वामीजींचे चरित्र वाचावयास घेतले. उत्तर सापडेल म्हणून नव्हे. पक्षनिष्ठा म्हटले की आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या तोंडी तेच नाव येई, एवढ्यासाठी.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. सोलापूर, अमळनेर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले आणि काही काळ त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. तेथून ते निजामी राज्यात आले ते धाराशिव जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून. तेथे असतानाच त्यांनी संन्यास घेतला व व्यंकटेशाचे रामानंद तीर्थ झाले. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुले घडवली. त्यांतली कितीतरी मुले पुढे तुरुंगात दिसतात. ज्याने स्वतःचे नाव एका दिवसात टाकून दिले, त्याचे पुढचे सारे भांडण एका नावावरूनच झाले, हे मला फार विलक्षण वाटते.

निजामाच्या राज्यात सभा भरवायची तर आधी परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ हा तो हुकूम. त्याच्या सावलीत राहून मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी महाराष्ट्र परिषद उभी केली. पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला, दुसरे १९३८ मध्ये लातूरला भरले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी पेठ होती. जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. परिषदेचे काम करता करताच स्वामीजी शाळेच्या वर्गातून राजकारणाच्या ऐन मध्यावर आले. जबाबदार राज्यपद्धती हवी, तर मराठी, तेलुगू व कानडी अशा तिन्ही भागांची एक संघटना हवी, या विचारातून हैदराबाद स्टेट काँग्रेसची कल्पना निघाली.

सरकारने तिच्यावर सप्टेंबर १९३८ मध्ये बंदी घातली. आणि तीही रीतसर स्थापना होण्यापूर्वीच! मूल जन्मण्याआधीच त्याला शिक्षा झाली, म्हणा ना. सरकारचा मुख्य आक्षेप काँग्रेस या शब्दावर होता. या नावाने राज्याबाहेरच्या संस्थेशी इमान ठरते, असे सरकारचे म्हणणे. नाव बदला, बाहेरचा संबंध नाही असे दाखवा, मग बघू. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी तुकडी घेऊन गेले आणि त्यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभेचाही सत्याग्रह चालू होता, त्यामुळे सरकारला स्टेट काँग्रेसवर जातीयतेचा शिक्का मारणे सोपे गेले. तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबर १९३८ मध्ये सत्याग्रह स्थगित झाला. उभे राहिलेले आंदोलन ऐन भरात थांबवणे कार्यकर्त्यांच्या जिवावर आले असणार. तरी ते थांबले.

पुढे नावाबद्दल वाटाघाटी झाल्या. नॅशनल कॉन्फरन्स असे दुसरे नावही पुढे आले, पण बंदी उठली नाही. मला यातून समजते ते असे, की नावावर बोलणी होऊ शकत होती, परंतु बाहेरच्या देशाशी आपले नाते नाही असे लिहून देणे शक्य नव्हते. आणि सरकारला हवे होते नेमके तेच. १९४० मध्ये स्वामीजी वैयक्तिक सत्याग्रह करून पुन्हा तुरुंगात गेले, १९४२ मध्ये आणखी एकदा.

बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये. संघटनेला अध्यक्ष निवडायचा होता. एकीकडे स्वामीजी, दुसरीकडे मवाळ गटाचे बी. रामकृष्णराव. स्वामीजी थोडक्या मतांनी निवडून आले. लगेच विधिमंडळाच्या निवडणुकीचा प्रश्न उभा राहिला. १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांनुसार प्रतिनिधी गावांच्या मतदारसंघांतून नव्हे, तर जमीनदार, व्यापारी, वकील अशा हितसंबंधी गटांतून यायचे होते, आणि लोकांना जबाबदार मंत्रिमंडळाचा त्यात पत्ताच नव्हता. दार उघडे होते, पण ते एवढे बुटके की आत जाताना मान वाकवावीच लागावी. स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला. बहिष्काराने हातातील संधी जाते, हे मवाळांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, असे मला वाटते. तथापि पुढच्या वर्षभरातील घटनांनी ते विधिमंडळच निरर्थक करून टाकले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकावून स्वामीजी अटकेत गेले. त्यांच्यामागे दिगंबरराव बिंदूंच्या नेतृत्वाखालील कृती समितीने सीमेवरील केंद्रांतून लढा चालवला. नांदेडकरांना उमरीची बँक ठाऊक आहेच, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर स्वामीजी सुटले.

यानंतरचा काळ आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही, कारण त्यात बंदुका नाहीत. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डावे सहकारी काँग्रेसबाहेर पडले. स्वामीजी आत राहिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे. ज्या नावासाठी चौदा वर्षांपूर्वी सक्तमजुरी झाली, त्याच नावाच्या पक्षाची बैलजोडी आता सरकारी पेटीवर होती. मुख्यमंत्री मात्र झाले रामकृष्णराव, १९४६ मधील प्रतिस्पर्धी. स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही.

हैदराबाद राज्याचे भाषेनुसार त्रिभाजन व्हावे, हे त्यांचे ठाम मत होते. पंडित नेहरूंना ते पटत नव्हते. स्वामीजींनी मत लपवले नाही आणि पक्षही सोडला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्रिभाजन झाले, पण मराठवाडा गेला द्विभाषिक मुंबई राज्यात. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या तापलेल्या वातावरणात, १९५७ मध्ये, ते औरंगाबादहून काँग्रेसचेच उमेदवार म्हणून निवडून आले. येथे ते मला जरा जास्तच संयमी वाटतात. समितीच्या व्यासपीठावर ते शोभून दिसले असते. पक्षांतरबंदीचा कायदा आला १९८५ मध्ये. त्यांना अडवणारे कलम नव्हते आणि कोणी त्यांच्याकडून लिहूनही घेतले नव्हते.

मित्राला मी हे सारे सांगितले. तो म्हणाला, की त्यांना लिहून द्यावे लागले नाही, मला द्यावे लागले, हाच फरक आहे. मी म्हटले, फरक एवढाच नसावा. ते तिकिटासाठी रांगेत नव्हते. तो थोडा रागावला. माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत त्याने अर्ज मागे घेतला, आणि प्रचारात मात्र तो कोणाच्याच फिरला नाही.

दुसऱ्या लोकसभेनंतर स्वामीजी निवडणुकांपासून दूर झाले. खादीचे व शिक्षणाचे काम त्यांनी चालू ठेवले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले होते, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. समाधी तेथेच, बेगमपेठेत आहे.