अदृश्य सृष्टीचा शोधक : अँटनी व्हॅन लेवेनहूक

प्रास्ताविक

गंभीर आजारी बालकाला कृत्रिम श्वसनयंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते, तेव्हा परिचारिका औषधांइतकीच त्याच्या तोंडाच्या स्वच्छतेचीही काळजी घेतात. तोंड आणि फुप्फुसे यांचा असा कोणता संबंध आहे? तो उमगण्यापूर्वी तोंडात राहणारे सूक्ष्म जीव कोणाला तरी दिसणे आवश्यक होते. ते प्रथम पाहिले एका कापड व्यापाऱ्याने. त्याच्या जीवनकार्याचा परिचय या पाठात करून दिला आहे.

मूलपाठ

अँटनी व्हॅन लेवेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावी झाला. त्यांचे वडील टोपल्या विणण्याचा व्यवसाय करीत. अँटनी लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. सोळाव्या वर्षी त्यांना अ‍ॅमस्टरडॅम येथील एका कापडाच्या दुकानात उमेदवारीसाठी धाडण्यात आले. विद्यापीठाची पायरी ते कधीच चढले नाहीत. त्या काळी युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन होती. लेवेनहूक यांना मात्र आपल्या डच मातृभाषेवाचून दुसरी भाषा येत नव्हती.

१६५४ साली डेल्फ्टला परतून त्यांनी विवाह केला आणि स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. पुढे १६६० मध्ये नगरसभेत त्यांना एक नोकरीही मिळाली. संसारात त्यांनी मोठे दुःख सोसले. पाच अपत्यांपैकी केवळ मारिया ही कन्या जगली. मुले का दगावतात, साथी कशा पसरतात, याचे खरे कारण त्या काळी कोणालाही ठाऊक नव्हते.

कापडाचा पोत पारखण्यासाठी आणि धागे मोजण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. लेवेनहूक स्वतःच भिंगे बनवू लागले. त्यांचा सूक्ष्मदर्शक तळहातावर मावेल एवढा असे. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असे एकच भिंग बसवलेले, आणि पाहावयाची वस्तू मागेपुढे करण्यासाठी एक मळसूत्र, एवढीच त्याची रचना. धातू वितळवण्यापासून मळसूत्रे कापण्यापर्यंतची कामे ते स्वतः करीत. त्यांच्या उपलब्ध सूक्ष्मदर्शकांपैकी सर्वांत प्रभावी यंत्र वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखवते. उत्कृष्ट भिंग घडवण्याची युक्ती त्यांनी कोणालाही सांगितली नाही. २०२१ साली संशोधकांनी ते यंत्र न उघडता त्याच्या अंतर्भागाची तपासणी केली. तेव्हा ते भिंग घासून नव्हे, तर काच वितळवून केलेल्या गोळीपासून बनवले असल्याचे आढळले.

१६७३ पासून लेवेनहूक आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांद्वारे कळवू लागले. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव हालचाल करतात, असे त्यांनी १६७६ च्या पत्रात सविस्तर लिहिले. विद्वानांचा त्यावर विश्वास बसेना. लॅटिन न येणाऱ्या दुकानदाराचे म्हणणे खरे कसे मानावे? लेवेनहूक खचले नाहीत, की रागावलेही नाहीत. गावातील धर्मोपदेशक आणि इतर प्रतिष्ठित गृहस्थ यांना त्यांनी आपल्या भिंगातून ते दृश्य दाखवले व त्यांच्या साक्षी लंडनला पाठवल्या. १६७७ च्या नोव्हेंबर महिन्यात रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने सोसायटीच्या सभासदांना हे जीव प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. १६८० मध्ये सोसायटीने लेवेनहूक यांना सन्मानपूर्वक आपले सदस्य करून घेतले.

सप्टेंबर १६८३ मधील त्यांचे पत्र विशेष महत्त्वाचे आहे. लेवेनहूक रोज सकाळी मिठाने दात घासत व फडक्याने पुसून काढीत. तरीही दातांच्या फटीत पिठाच्या लगद्यासारखा पांढरा थर उरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. तो थर स्वच्छ पावसाच्या पाण्यात कालवून पाहताच त्यात अनेक आकारांचे जीव दिसले. काही वेगाने झेपावत होते, तर काही भोवऱ्यासारखे गरगर फिरत होते. मग त्यांनी आपल्या परिचयातील स्त्रियांच्या, सुमारे आठ वर्षांच्या एका बालकाच्या आणि जन्मात कधी दात न घासलेल्या एका वृद्धाच्या दातांवरील मळ तपासला. जीव सर्वांच्याच तोंडात होते. त्या वृद्धाच्या तोंडात तर त्यांची दाटीच होती.

लेवेनहूक एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तीव्र सिरक्याने खळखळून चूळ भरली आणि दातांवरील थर पुन्हा तपासला. त्यातील असंख्य जीव जिवंतच होते. मात्र तोच थर पाण्यात विरघळवून त्यात सिरक्याचे थेंब टाकताच ते तत्काळ मेले. यावरून त्यांनी अनुमान काढले, की चूळ भरल्याने केवळ थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात. सिरका थराच्या आतपर्यंत पोहोचत नाही.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार मारियाने चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक रॉयल सोसायटीला पाठवले. आपण पाहिलेले जीव रोगाला कारण ठरू शकतात, हे लेवेनहूक यांना ठाऊक नव्हते. ते सिद्ध होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनाने जीवाणू व रोग यांचा संबंध प्रस्थापित झाला.

लेवेनहूक यांच्या या शोधाचे महत्त्व आज रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात प्रत्ययास येते. निरोगी बालकाच्या श्वासनलिकेत थोडी लाळ उतरली, तर खोकल्यावाटे ती बाहेर फेकली जाते. व्हेंटिलेटरवरील बालकाची स्थिती निराळी असते. त्याच्या तोंडातून किंवा नाकातून श्वासनलिकेपर्यंत नळी घातलेली असते; गुंगीच्या औषधांमुळे त्याला पुरेसे खोकता येत नाही आणि लाळही गिळता येत नाही. तोंडात साचलेली लाळ नळीच्या कडेने खाली झिरपते व तिच्याबरोबर जीवाणू फुप्फुसांत पोहोचतात. नळीच्या पृष्ठभागावरही जीवाणूंचा थर जमतो. शिवाय गंभीर आजारात तोंडातील नेहमीच्या जीवाणूंची जागा काही दिवसांतच अधिक घातक जीवाणू घेऊ शकतात. यातून होणारा न्यूमोनिया बालकाच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणूनच पोलादाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भिलाईत असो वा मुंबई-नागपुरात, अशा बालकाची शुश्रूषा करताना काही नियम कसोशीने पाळावे लागतात. हात धुणे, पलंगाचा डोक्याकडील भाग उंच ठेवणे, साचलेली लाळ शोषून घेणे, नळी काढता येईल का याचा रोज विचार करणे आणि तोंड स्वच्छ ठेवणे, हे ते नियम होत. दात आलेल्या बालकाचे दात मऊ ब्रशने घासतात; दात न आलेल्या तान्ह्या बाळाच्या हिरड्या ओल्या, स्वच्छ कापडाने हळुवार पुसतात. २०२२ साली अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी प्रौढ रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा नित्य वापर टाळावा, परंतु दात अवश्य घासावेत, असा त्यांचा आशय आहे. त्यामागे इतरही कारणे आहेत. तथापि नुसत्या चुळीने थर हटत नाही, हे सिरक्याच्या प्रयोगातून लेवेनहूक यांनी आधीच जाणले होते.

लेवेनहूक यांच्यापाशी पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, विद्वानांची भाषाही नव्हती. होती ती कुशल हातांची मेहनत, जिज्ञासा आणि जे दिसले तेच सांगण्याचा प्रामाणिकपणा. क्षुल्लक म्हणून आपण रोज चूळ भरून टाकून देतो, त्या मळाकडे त्यांनी निरखून पाहिले. आज एखाद्या अत्यवस्थ बालकाच्या हिरड्या पुसणारी परिचारिका त्यांनीच उजेडात आणलेल्या त्या जीवांशी झुंज देत असते.

विचार करा व लिहा

१. रॉयल सोसायटीचा अविश्वास लेवेनहूक यांनी कसा दूर केला?
२. सिरक्याच्या प्रयोगातून त्यांनी कोणते अनुमान काढले?
३. व्हेंटिलेटरवरील बालकाच्या तोंडाची स्वच्छता का आवश्यक असते, ते तुमच्या शब्दांत लिहा.