विश्लेषण : ५३ एन क्रमांकाची बाटली आणि डॉ. हाफकिन

सापगावात किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर कुणाला साप चावला, तर दवाखान्यातील प्रतिविषाच्या कुपीवर ‘हाफकिन’ हे नाव असू शकते. ज्यांच्यावरून हे नाव आले, त्या डॉ. वाल्देमार हाफकिन यांची कारकीर्द मात्र अशाच एका बाटलीने उद्ध्वस्त केली. बाटलीतील द्रव शुद्ध होता का, आणि नसेल तर तो नेमका कुठे बिघडला, यावर पाच वर्षे वाद चालला.

मुंबईत कसे आले?

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसातील ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर काम सुरू झाले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लसही आधी स्वतःला टोचली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

लस शुद्ध आहे हे कसे ओळखत?

इथे चक्क तूप कामाला आले. पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खाली प्लेगचे जंतू गुहेतील चुनखडीच्या सुळक्यांसारखे लोंबत वाढत. हा आकार प्लेगच्या जंतूची ओळख मानला जाई. म्हणजे वाढवण्याची युक्ती हीच तपासणीही. मग द्रव तापवून जंतू मारत आणि कार्बोलिक आम्ल घालत. पुढे लाखो मात्रांची मागणी आल्यावर हाफकिन यांनी कार्बोलिक वगळले आणि उष्णतेवर भर दिला. प्लेगचे जंतू उष्णतेने मरतात. धनुर्वाताचे बीजाणू मात्र तेवढ्या तापमानाला दाद देत नाहीत.

मलकोवालमध्ये काय घडले?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल (आता पाकिस्तानात) येथे १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी १९ जणांना ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतील लस मिळाली. ते सर्व १९ जण धनुर्वाताने दगावले. बाकीच्यांना काही झाले नाही.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीत आले. तरीही बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला, दूषित झाली असावी, असा आयोगाचा कल राहिला. हाफकिन निलंबित झाले आणि १९०४ मध्ये भारत सोडून गेले.

आज वाचताना हा निष्कर्ष पटत नाही. आठवडे आधी शिरलेल्या धनुर्वाताच्या जंतूंनी बाटलीला दुर्गंधी आली असती. उघडताना वास घेतला, तेव्हा ती आली नव्हती. शिवाय लक्षणे साधारण आठवड्याने दिसली. तयार विष आधीच द्रवात असते, तर ती लवकर दिसली असती. याच मुद्द्यांवर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिले आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले.

आता प्रत्येक बॅचचे नमुने दोन वेगवेगळ्या माध्यमांत १४ दिवस ठेवून पाहतात. त्यातले एक माध्यम धनुर्वातासारख्या, प्राणवायू टाळणाऱ्या जंतूंसाठी असते. पण झाकण उघडल्यानंतरचे काहीही ही चाचणी पकडू शकत नाही, आणि मलकोवालचा चिमटा तिच्याही आवाक्याबाहेरच राहिला असता.

हाफकिन भारतात परतले, पण परळला नाही. त्यांना कोलकात्यात काम मिळाले. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.