गाडगे महाराज

गाडगे महाराज (मूळ नाव: डेबूजी झिंगराजी जानोरकर; २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव – २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ) हे महाराष्ट्रातील कीर्तनकार व समाजसुधारक होते. वऱ्हाडातील खेड्यांत स्वच्छता आणि व्यसनमुक्तीचा प्रसार त्यांनी केला.

शेंडगाव हे आजच्या अमरावती जिल्ह्यातील गाव. परीट समाजातील त्यांचे वडील दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. त्यानंतर आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, दापुरे येथे राहिल्या. हे गाव मूर्तिजापूर तालुक्यात असून वाशिम जिल्ह्याचा कारंजा तालुका त्याला लागूनच आहे. वाशिम त्या काळी स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ पासून १९९८ पर्यंत तो अकोला जिल्ह्याचा भाग होता.

दारू हा त्या समाजात एकट्या माणसाचा दोष नव्हता. बारसे असो वा तेरावे, भाऊबंदांना दारू व मटण देणे ही रीत होती. ती मोडणाऱ्याला बोल लागे आणि पाळणाऱ्याला कर्ज होई. डेबूजींनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला गोड जेवण घालून ही रीत मोडली. भाऊबंदांची नाराजी पत्करून केलेली ही कृती त्यांच्या पुढील सर्व प्रचारापेक्षा कमी महत्त्वाची मानता येत नाही.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे अशा वेशात ते गावात येत आणि कोणाशी न बोलता रस्ते, गटारे झाडू लागत. ते पाहून ओशाळलेले गावकरीही हाती झाडू घेत. रात्री कीर्तन होई. त्यात ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. नवस, पशुबळी आणि अंगारे-धुपारे यांनी आजार बरा होत नाही, हे श्रोते अशा रीतीने स्वतःच कबूल करीत. रोग्याला औषधोपचार मिळावा, हा त्यांच्या शिकवणीतील एक स्वतंत्र मुद्दा होता.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ ची. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ मध्ये झालेली धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती. खेड्यातून आलेल्या रोग्याचा उपचार सोबतच्या माणसाला निवारा नसल्यामुळेही अर्धवट सुटतो, ही बाब तिने ध्यानात घेतली.

अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे निधन झाले. वाशिमसह पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात, त्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.