हस्ताक्षरासारखा फाँट बनवला, तो मागे पडला. पण याच माणसाचं अक्षर आज तुमच्या कॉम्प्युटरवर आहे

लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीची नावं हमखास वळणदार, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत छापतात. दिसतातही झकास. पण त्याच फाँटमध्ये कुणी आख्खी कादंबरी छापली तर? चार पानांत डोळे दुखायला लागतील.

हा अनुभव एका फ्रेंच कारागिराला साडेचारशे वर्षांपूर्वी आला. त्याचं नाव रोबेर ग्रांजाँ.

ग्रांजाँचा जन्म १५१३ च्या सुमारास पॅरिसचा. वडील पुस्तकविक्रेते, पण हा रमला अक्षरं कोरण्यात. तेव्हा फाँट बनवायचा म्हणजे पोलादी दांड्याच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचे खिळे ओतायचे. एकेका अक्षरासाठी ही सगळी उठाठेव.

छपाईत तेव्हा इटलीचा दबदबा होता. तिथल्या हस्ताक्षरावरून बनलेला इटॅलिक टाइप १५०१ साली व्हेनिसमध्ये आला आणि युरोपभर पसरला. मग फ्रेंच माणूस रोज ज्या वळणाने लिहितो, त्याचा टाइप का नसावा? ग्रांजाँने हेच मनावर घेतलं.

१५५७ साली ल्यों शहरात त्याने या नव्या टाइपमध्ये पहिलं पुस्तक छापलं. राजा दुसरा हेन्री याने त्याला १० वर्षांचा एकाधिकारही दिला. तरीही पॅरिस आणि अँटवर्पमध्ये इतरांनी तसेच टाइप कोरले.

पण खरी अडचण वेगळीच होती.

हाताने लिहिताना अक्षर जागेप्रमाणे बदलतं. म्हणून या टाइपमध्ये एकाच अक्षराची शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळी रूपं होती. शिवाय जोडअक्षरांचे खिळे निराळे. खर्च वाढला, खिळे जुळवणाऱ्याचं काम वाढलं आणि वाचकाला तर रोमन अक्षरांची सवय झाली होती.

हा टाइप तगला तो एका खास कामासाठी. इरॅस्मसचं मुलांना शिष्टाचार शिकवणारं पुस्तक त्यात छापलं गेलं. पुस्तक वाचता वाचता मुलांना हस्ताक्षरही वाचता येऊ लागे. त्या पुस्तकावरूनच टाइपला ‘सिव्हिलिते’ हे नाव पडलं. अशी पुस्तकं १९व्या शतकापर्यंत निघत होती.

ग्रांजाँ मात्र थांबला नाही. अँटवर्पचा मोठा मुद्रक प्लांताँ याच्यासाठी त्याने टाइप कोरले. १५७८ साली, साठी उलटल्यावर, तो रोमला गेला आणि तिथे अरबी अक्षरं कोरली. अरबीतही अक्षराचं रूप जागेप्रमाणे बदलतं, पण तिथे तो थाट नसून लिपीची गरज आहे. सिव्हिलितेवर खर्ची पडलेलं कसब इथे कामी आलं. १५९० साली तो रोममध्येच वारला. त्यानंतर १५९३ मध्ये इब्न सीनाचा वैद्यकशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ रोममध्ये त्याच्याच अरबी अक्षरांत छापला गेला.

त्याने कोरलेले ठसे आणि साचे आजही अँटवर्पच्या प्लांताँ-मोरेटस संग्रहालयात आहेत. तिथल्याच त्याच्या एका साध्या रोमन टाइपवरून १९१३ साली ‘प्लांटिन’ हा टाइप बनला. प्लांटिनच्या आधारे लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राने १९३२ मध्ये नवा टाइप आणला. तोच आपला टाइम्स न्यू रोमन!