विश्लेषण : युद्धकाळातील मनोरुग्णालयातून अतिवास्तववादाचा जन्म कसा झाला? कोण होते आंद्रे ब्रेताँ?

साल्वादोर दाली यांची वितळणारी घड्याळे आणि रेने मॅग्रित यांच्या चित्रातला चेहऱ्यासमोर तरंगणारे हिरवे सफरचंद असलेला माणूस आज टी-शर्टपासून मीमपर्यंत सगळीकडे दिसतात. ही चित्रे ज्या चळवळीतून आली ती म्हणजे अतिवास्तववाद अर्थात सरिअ‍ॅलिझम. मात्र तिची पायाभरणी चित्रकाराने नव्हे, तर वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलेल्या आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीने केली. त्यांच्या पहिल्या जाहीरनाम्याला २०२४ मध्ये १०० वर्षे पूर्ण झाली. ब्रेताँ यांचा हा प्रवास कसा होता आणि मनाच्या मुक्तीचा आग्रह धरणारा हा माणूस सहकाऱ्यांबाबत इतका कठोर का झाला, याविषयी…

मनोरुग्ण सैनिकांकडून काय मिळाले?

ब्रेताँ यांचा जन्म १८९६ मध्ये नॉर्मंडीतील तँशब्रे या गावी सामान्य कुटुंबात झाला. घरच्यांच्या आग्रहाखातर त्यांनी पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला, पण ओढा कवितेकडे होता. पहिल्या महायुद्धात त्यांना लष्करी वैद्यकीय सेवेत जावे लागले. १९१६ मध्ये साँ-दिझिए येथील मनोविकार केंद्रात त्यांनी आघाडीवरून परतलेले, मानसिकदृष्ट्या कोसळलेले सैनिक पाहिले. त्यांतील एका सैनिकाला संपूर्ण युद्ध हे नाटक वाटत होते. तोफगोळे खोटे, जखमा म्हणजे रंगरंगोटी आणि प्रेते मेणाची, अशी त्याची ठाम समजूत होती. ब्रेताँ यांना तो केवळ वेडा वाटला नाही. लाखोंना मरणाच्या दारात ढकलणाऱ्या व्यवस्थेचा तर्क शहाणपणाचा मानायचा आणि या सैनिकाचा भ्रम मात्र आजार, हे गणित त्यांना पटेना. याच काळात मनोविकारशास्त्राच्या फ्रेंच पुस्तकांतून त्यांची सिग्मंड फ्रॉइड यांच्या विचारांशी ओळख झाली.

हा शब्द नेमका कुणाचा?

'सरिअ‍ॅलिस्ट' हा शब्द ब्रेताँ यांचा नाही. कवी गियोम अपोलिनेर यांनी तो १९१७ मध्ये आपल्या नाटकाच्या संदर्भात वापरला होता. ब्रेताँ त्यांना मानत. अपोलिनेर यांचे १९१८ मध्ये निधन झाले आणि पुढे तो शब्द ब्रेताँ यांनी स्वतःचा अर्थ देऊन वापरला. त्यावरही वाद झाला. १९२४ मध्येच इव्हाँ गोल या कवीने याच नावाने वेगळा जाहीरनामा काढला होता. या चढाओढीत ब्रेताँ यांचा अर्थ टिकला.

स्वयंचलित लेखन म्हणजे काय?

१९१९ मध्ये ब्रेताँ आणि त्यांचे मित्र फिलिप सुपो यांनी एक प्रयोग केला. विषय ठरवायचा नाही, लिहिलेले खोडायचे नाही, चांगले-वाईट तपासायचे नाही आणि हात थांबवायचा नाही. मनात येईल ते लिहीत जायचे. वेग वाढवला की मनावरचा पहारा ढिला पडतो, असा त्यामागचा विचार होता. म्हणून त्यांनी वेगवेगळी प्रकरणे वेगवेगळ्या वेगाने लिहून पाहिली. त्यातून 'ले शाँ मान्येतिक' म्हणजे 'चुंबकीय क्षेत्रे' हे पुस्तक १९२० मध्ये आले. अतिवास्तववादी लेखनाचा हा पहिला नमुना मानला जातो.

या सुमारास पॅरिसमध्ये दादावादाचा गाजावाजा होता. ब्रेताँही त्यात होते. पण सगळे मोडायचे आणि जागी काहीच उभारायचे नाही, ही भूमिका त्यांना अपुरी वाटू लागली. १९२१ मध्ये ते व्हिएन्नात फ्रॉइड यांना भेटले आणि निराश होऊन परतले. फ्रॉइड यांच्यासाठी स्वप्न हे उपचाराचे साधन होते, तर ब्रेताँ यांच्यासाठी जगण्याचा अर्धा हिस्सा.

जाहीरनाम्यात काय होते?

१५ ऑक्टोबर १९२४ रोजी अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. तर्क, नीती किंवा सौंदर्य यांपैकी कशाचेही नियंत्रण नसलेला विचार हा त्याचा गाभा होता. स्वप्न आणि जागृती एकमेकांच्या विरोधात नाहीत, दोन्ही मिळून एक मोठे वास्तव तयार होते, असे त्यात मांडले होते. म्हणजेच अतिवास्तव हे वास्तवापासून पलायन नव्हते, वास्तवाची हद्द वाढवण्याचा तो दावा होता. त्याच वेळी पॅरिसमध्ये एक 'संशोधन कार्यालय' उघडले. लोकांनी तिथे येऊन आपली स्वप्ने आणि योगायोग सांगावेत, अशी अपेक्षा होती. माक्स अर्न्स्ट, होआन मिरो यांच्यासारख्या चित्रकारांचे पहिले सामूहिक प्रदर्शन १९२५ मध्ये भरले.

नाद्जाच्या वाट्याला काय आले?

ऑक्टोबर १९२६ मध्ये ब्रेताँ यांना पॅरिसच्या रस्त्यावर लेओना देलकूर ही तरुणी भेटली. ती स्वतःला नाद्जा म्हणवत असे. तिचे बोलणे, तिची रेखाटने यांनी ते भारावून गेले. पण ही ओढ काही दिवसच टिकली. १९२७ मध्ये तिला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. १९२८ मध्ये 'नाद्जा' हे पुस्तक आले आणि ब्रेताँ यांची ती सर्वाधिक वाचली गेलेली कृती ठरली. त्यात त्यांनी मनोरुग्णालयांवर कडाडून टीका केली, पण ते तिला भेटायला गेले नाहीत. १९४१ मध्ये तिचा मनोरुग्णालयातच मृत्यू झाला. भ्रमाला कवितेचा दर्जा देताना तो भोगणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न तेव्हापासून या चळवळीला चिकटला आहे.

सहकाऱ्यांची हकालपट्टी का?

ब्रेताँ १९२७ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले, पण कला पक्षाच्या आदेशाने चालणार नाही, यावर ते ठाम होते. त्यामुळे पक्षाशी फार काळ जमले नाही. गटात मात्र त्यांचाच शब्द अंतिम असे. आर्तो, सुपो, देस्नोस असे एकेक जण बाहेर काढले गेले. दुखावलेल्यांनी १९३० मध्ये ब्रेताँ यांना प्रेत ठरवणारी पत्रिकाच छापली. पुढे दालींनाही दूर करण्यात आले. दालींच्या नावातील अक्षरे फिरवून ब्रेताँ यांनी त्यांना डॉलरचे लोभी ठरवणारे टोपणनाव दिले. विरोधक ब्रेताँ यांना अतिवास्तववादाचे पोप म्हणत.

युरोपबाहेर चळवळ कशी पोहोचली?

१९३८ मध्ये ब्रेताँ मेक्सिकोला गेले. तिथे ट्रॉट्स्की यांच्याबरोबर त्यांनी कलेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला. फ्रिडा काहलो यांना त्यांनी अतिवास्तववादी ठरवले, मात्र काहलो यांनी हा शिक्का मनापासून कधी स्वीकारला नाही. फ्रान्स नाझींच्या ताब्यात गेल्यावर १९४१ मध्ये ते मार्सेहून बोटीने निघाले. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस त्याच बोटीवर होते. वाटेत मार्टिनिक बेटावर कवी एमे सेझेर भेटले. वसाहतवादाविरुद्ध लिहिणाऱ्या सेझेर यांची कविता पुढे जगापुढे आणण्यात ब्रेताँ यांचा वाटा होता. १९४६ मध्ये ते पॅरिसला परतले. अल्जीरियातील युद्धाला विरोध करणाऱ्या १९६० च्या निवेदनावर त्यांची सही होती.

मागे काय उरले?

२८ सप्टेंबर १९६६ रोजी ब्रेताँ यांचे निधन झाले. १९२२ पासून ते पॅरिसच्या र्‍यू फाँतेन येथील घरात राहत होते. तिथे चित्रे, आदिवासी मुखवटे, दगड, हस्तलिखिते खच्चून भरलेली होती. २००३ मध्ये या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा पॅरिसमध्ये निदर्शने झाली. त्यांच्या मेजामागची एक भिंत मात्र वस्तूंसह पाँपिदू संग्रहालयाकडे गेली. तिच्यावर नामवंतांची चित्रे आणि रस्त्यावर सापडलेले दगड शेजारी शेजारी मांडलेले आहेत.