डॉक्टर हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडणे ही आपल्या खेड्यापाड्यांतील नित्याची गोष्ट आहे. काटा काढावा, चिमूटभर हळद दाबावी व पुन्हा औत धरावे, यापलीकडे कोणी विचार करीत नाही. परंतु अशाच लहानशा जखमेतून शिरून वर्षानुवर्षे पाय पोखरणारा एक रोग आहे. त्याचे मूळ शोधण्यासाठी मुंबई इलाख्यात ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्या डॉक्टर कार्टर यांची हकीकत आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडातील हल या गावी झाला. त्यांचे वडील चित्रकार होते व पुत्राच्या हातीही ती कला उतरली. लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळात वैद्यकी शिकल्यावर त्यांनी डॉक्टर ग्रे यांच्या शरीररचनेवरील ग्रंथासाठी साडेतीनशेंहून अधिक चित्रे काढली. हा ग्रंथ १८५८ साली निघाला व पुढे जगभर गाजला. चित्रांबद्दल कार्टर यांस १५० पौंड मिळाले. विक्रीतला वाटा मिळाला नाही, आणि मुखपृष्ठावर त्यांचे नाव ग्रे यांच्या नावाहून लहान अक्षरांत छापले गेले. ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वीच ते सरकारी वैद्यकीय नोकरीवर मुंबईस निघून आले होते.

मुंबईस ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले व जमशेटजी जीजीभाई इस्पितळात रोगी पाहू लागले. तेथे त्यांस हा पायाचा रोग भेटला. मद्रास इलाख्यातील मदुरा येथे तो पूर्वी नोंदला गेल्यामुळे त्यास मदुरा पाय म्हणत. आरंभी पायावर एक गाठ येते. ती फारशी दुखत नाही, म्हणून गरीब मनुष्य कामावर जातच राहतो. पुढे पाऊल सुजून बेढब होते, त्यास ठिकठिकाणी छिद्रे पडतात, व त्यांतून पुवाबरोबर बारीक कण बाहेर येतात. कोणाचे बंदुकीच्या दारूसारखे काळे, तर कोणाचे माशाच्या अंड्यांसारखे फिकट. शेवटी हाडेही किडतात. त्या काळी पाय कापून टाकणे हाच एक उपाय होता.

कापलेला पाय इतरांनी टाकून दिला असता. कार्टर यांनी तो चिरून, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून, चित्रकाराच्या डोळ्याने न्याहाळला. ते कण म्हणजे बारीक तंतूंचा गुंता आहे असे त्यांस दिसले. शिळ्या भाकरीवर धरते तशा जातीची बुरशी जिवंत माणसाच्या हाडामांसात वाढते, असे त्यांनी १८६० साली प्रसिद्ध केले, व रोगास बुरशीची गाठ या अर्थाचे मायसेटोमा हे नाव दिले.

ही गोष्ट सर्वांस पटली नाही. कार्टर यांस एका नमुन्यावर तांबडी बुरशी वाढलेली आढळली होती. बुरशीविद्येत प्रवीण असलेले इंग्लंडातील एक पाळक, रेव्हरंड बर्कले, यांनी तिला कार्टर यांचेच नाव दिले. परंतु ती बाहेरून येऊन बसलेली निघाली. कलकत्त्याचे लुइस व कनिंगहॅम यांनी तर १८७५ साली कार्टर यांच्या मतावरच आक्षेप घेतला. एक साक्षी खोटा ठरला म्हणजे सगळा दावा खोटा, असे पुष्कळांस वाटते. येथे मात्र दावा खरा होता. साताऱ्यास सिव्हिल सर्जन असतानाही कार्टर यांनी हा विषय सोडला नव्हता, आणि १८७४ साली स्वतःच्या चित्रांसह त्यावर ग्रंथ छापला होता. पुढे १९०५ साली ब्रम्प या फ्रेंच शास्त्रज्ञाने काळ्या कणांच्या बुरशीचा मदुरेला हा वर्ग ठरविला. फिकट कणांचे कित्येक प्रकार बुरशीचे नसून जंतूंचे असतात, हेही नंतर कळले. तेवढी दुरुस्ती कार्टर यांच्या मतात करावी लागली.

त्यांनी महारोगाचाही अभ्यास केला व त्यासाठी नॉर्वे देशास जाऊन आले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबईस आलेल्या भुकेल्या लोकांत उलटून येणारा ताप पसरला, तेव्हा त्यांच्या रक्तातील मळसूत्रासारखे जंतू त्यांनी दाखवून दिले. पुढे ते ग्रँट कॉलेजचे मुख्य झाले. १८८८ साली निवृत्त होऊन ते स्वदेशी परतले व १८९७ साली स्कारबरो येथे क्षयाने वारले.

मदुरा पाय अद्याप नाहीसा झालेला नाही. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याचा समावेश केला. आता जंतूंच्या प्रकारावर औषधाने चांगला गुण येतो. बुरशीच्या प्रकारास महिनोन्महिने औषध घ्यावे लागते, आणि उशीर झाल्यास पाय आजही जातो. म्हणून शेतात जाताना पायात जोडा असावा. काटा मोडलेल्या जागी न दुखणारी गाठ दिसली, तर ती दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये, लागलीच इस्पितळ गाठावे. ज्या पायांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, ते कार्टर यांनी वर्षानुवर्षे निरखून पाहिले. आपण निदान आपल्या घरच्यांचे पाय पाहावेत.