आधी नांगर, मग पसारा

छोट्या उद्योजकाने एकाच वस्तूवर भर द्यावा की मिळेल ते काम स्वीकारावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील धंदेवाइकाला सतावतो. महाराष्ट्राच्या उद्योगविश्वाचे एक शिल्पकार लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या जीवनात त्याचे अनुभवसिद्ध उत्तर सापडते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र रंग ओळखण्यातील दोषामुळे त्यांना चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी अध्यापन केले. तेथे बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले.

बंधू रामूअण्णांसह त्यांनी चालविलेल्या दुकानात सायकली विकल्या जात आणि ती चालविण्याचे शिक्षणही दिले जाई. हा व्यापार होता, निर्मिती नव्हे. लक्ष्मणरावांचे मन यंत्रात रमत होते. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर.

खरी कसोटी येथे लागली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. एखाद्याने नांगराचा नाद सोडून दुसरा धंदा धरला असता. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावल्यावरही त्यांचा निर्धार ढळला नाही. त्या अडचणीच्या काळात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेले सभामंडपाचे बांधकाम त्यांनी पत्करले. पोटापाण्यासाठी वेगळे काम घेतले, पण ध्येय बदलले नाही.

बाळासाहेबांनीच कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांच्या कर्जाची सोय केली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकऱ्यांचा विश्वास बसला आणि नांगराचे नाव झाले.

त्यानंतरच उत्पादनांचा विस्तार झाला. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी एकेक वस्तू कारखान्यातून बाहेर पडू लागली. वस्तू निराळ्या असल्या तरी ओतकामाची भट्टी तीच होती, कारागीर तेच होते आणि गिऱ्हाईकही बव्हंशी तोच शेतकरी होता. नांगराने मिळविलेली पत पुढच्या प्रत्येक यंत्राच्या कामी आली. पुढे लोखंडी फर्निचरही तयार झाले. ग्राहक बदलला, तरी हाताला सवय असलेला धातू तोच राहिला.

पसारा वाढल्यावर सगळे एकाच छताखाली कोंबण्याचा मोहही टाळला गेला. हरिहर येथे १९४१ मध्ये लेथ यंत्रांसाठी, तर १९४६ मध्ये पुण्यात तेलइंजिनांसाठी आणि बंगळुरूत विजेच्या मोटारींसाठी स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या. प्रत्येकीला आपापल्या कामात प्रावीण्य मिळविण्याची मोकळीक राहिली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. एका वस्तूवर हात बसेपर्यंत टिकून राहावे आणि मग त्याच कौशल्याच्या आधाराने पुढे सरकावे, हा त्यांच्या उद्योगाचा क्रम होता. हा क्रम उलटा केला की दुकानात माल भरपूर दिसतो, पण गिऱ्हाईक नेमक्या कशासाठी यावे, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.